ठाण्याला जायचा कोरडा रस्ता

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि लिहितात. कोणी चारधाम करतं आणि लिहितं. मी डोंबिवलीहून कोलशेतला जाऊन आलो. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर पंधरा किलोमीटरही भरत नाही. मला पाच दिवस लागले, आणि त्याआधीची घरात बसून काढलेली अकरा वर्षं वेगळी.

मी कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. ठाणे शहर बेटावर वसलेलं आहे, हे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गाला सांगायचो. पोरं हसायची. बेट म्हणजे नारळाची झाडं आणि चाचे, अशी त्यांची समजूत. पण एका बाजूने उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या बाजूने ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र. कुठूनही जा, पाणी ओलांडल्याशिवाय ठाण्यात पाय ठेवता येत नाही. मी हे पुस्तकात वाचून सांगत नव्हतो. मी जिल्ह्याचा मोठा नकाशा विकत आणून, रात्र रात्र बोट फिरवून, कोरडा रस्ता शोधला होता. नाही सापडला.

कारण मला खाडीची भीती वाटायची. विहिरीची नाही, नळाची नाही, पावसाच्या तळ्यांचीही नाही. खाडीचीच. ते मातकट, तळ न दिसणारं, दिवसातून दोनदा दिशा बदलणारं पाणी. जे पाणी सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे वाहतं त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? पूल आला की माझे तळहात भिजायचे, छातीत धडधडायचं, आणि आता आपण मरणार याची खात्रीच व्हायची. आमच्याकडे डोकं फिरलेल्या माणसाला ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात, तिथल्या इस्पितळामुळे. माझं वेड असं की मला ठाण्यालाच पाठवता येत नव्हतं.

हे फक्त बायकोला माहीत होतं. बाकीच्यांसाठी माझ्याकडे सबबींचा साठा होता: परीक्षेचे पेपर, कंबर, शाळेची तपासणी.

माझी धाकटी बहीण सुमन लग्न करून कोलशेतला गेली. नवरा बाळाराम, कोळी, खाडीत मासेमारी करणारा. आमच्या वडिलांनी त्या लग्नाला जायचं नाकारलं आणि मीही गेलो नाही. वडिलांचं कारण जातीचं होतं. माझं कारण खाडीचं होतं, पण वडिलांच्या कारणामागे ते छान लपत होतं, म्हणून मी ते तिथेच राहू दिलं. आणि खरं सांगायचं तर, तेव्हा थोडं वडिलांचं कारणही माझ्यात होतंच.

लग्नानंतर काही महिन्यांतच वडील गेले, आणि सुमन दर भाऊबीजेला आमच्याकडे येऊ लागली. खरं तर भावाने बहिणीकडे जायचं असतं. आमच्याकडे गंगा उलटी वाहत होती. बाळारामभावोजी तिला डोंबिवली स्टेशनपर्यंत सोडायचे आणि तिथूनच परत फिरायचे. मला त्यात अहंकाराचा वास यायचा.

त्या वर्षी, म्हणजे नव्वद सालच्या आसपास, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कार्ड आलं.

‘दादा, यंदा मी येणार नाही. सासूबाई म्हणतात, अकरा वर्षं तू गेलीस, आता त्याने यावं. नाही आला तर तुझंही जाणं बंद. मी हो म्हटलंय. तू ये. सुमन.’

मी ते कार्ड दहा वेळा वाचलं. ‘मी हो म्हटलंय’ या तीन शब्दांवर माझा संशय होता. कुणी म्हणायला लावलं? अक्षर तिचंच होतं, पण बाजूला कोण उभं होतं? बायको वसुधा म्हणाली, “अहो, सरळ आहे. गेला नाहीत तर बहीण संपली.”

कल्याण, दवाखाना

वसुधाने मला डॉक्टरांकडे नेलं ते तिच्या डोकेदुखीचं निमित्त सांगून. आत गेल्यावर डोकेदुखी तिची आणि प्रश्न मला. कट आहे हे लगेच ओळखलं, पण खुर्चीत बसून झालं होतं.

डॉक्टर तरुण होते, आणि औषध लिहून देत नव्हते. त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. ते म्हणाले, “सर, पाण्याजवळ जाऊन उभं राहायचं. भीती किती वाटते, शंभरपैकी मार्क द्यायचे. मार्क निम्मे होईपर्यंत जागा सोडायची नाही.”

“आणि नाही झाले निम्मे तर?”

“होतात. भीतीलाही दम लागतो. तुम्ही आजवर ती दमायच्या आत पळालात, म्हणून दर वेळी ती ताजीतवानी परत आली. रोज एक पायरी चढा. आणि हो, पूल ओलांडताना डोळे मिटायचे नाहीत. ती कॉपी झाली.”

कॉपी हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला असणार. वसुधाने त्यांना आधीच सगळं पढवून ठेवलं होतं.

धनत्रयोदशी, दुर्गाडीखालचा घाट

पहिली पायरी: दुर्गाडी किल्ल्याखाली घाटावर जाऊन खाडीकडे बघत उभं राहणं. याच घाटावर माझी गोष्ट सुरू झाली होती. मी अकरा वर्षांचा, सुमन पाच. गणपती विसर्जनाला वडिलांनी आम्हाला होडीत चढवलं. होडी कलली, मी सुमनचा हात सोडला, चिखलात उडी मारली आणि घरापर्यंत पळत गेलो. ती होडीत एकटी राहिली. वडिलांनी तिला सुखरूप आणलं आणि या गोष्टीचा पुन्हा कोणी उच्चार केला नाही. सुमन इतकी लहान होती की तिला काही आठवत नसणार, असं मी धरून चाललो होतो.

मी शाळेची जुनी वही काढून लिहिलं: ८५. घाटावर एक गृहस्थ गळ टाकून बसले होते. अर्धा तास झाला, मासा एकही नाही, आणि ते मधूनमधून माझ्याकडे बघत होते. डॉक्टरांनी माणूस पेरला असावा, असं मला वाटलं. शेवटी ते उठून जवळ आले.

“सर, एक विचारू? तुम्ही पाण्याकडं बघून वहीत लिवताय. सर्व्हे आहे का? भिंत बांधणार का इथं?”

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. ते गळ गुंडाळून लांब जाऊन बसले आणि तिथून माझ्यावर लक्ष ठेवू लागले. त्यांच्याकडे लक्ष देण्याच्या नादात वही बघायची राहिली. बघितलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती आणि मार्क होते ४०. मी बेरीज चुकल्यासारखा तो आकडा पुन्हा पुन्हा तपासला. आजवर या खाडीसमोर मी पाच मिनिटांच्या वर थांबलोच नव्हतो.

नरक चतुर्दशी, पुलाचा पहिला खांब

अभ्यंगस्नान, चकली, आणि मग दुर्गाडीचा पूल. आज फक्त पहिल्या खांबापर्यंत जायचं होतं. भिवंडीहून येणारा एक ट्रक बाजूने गेला आणि पूल हलला. पूल हलतात, हलायलाच हवेत, हे मला माहीत होतं. मुलांना मी सांगतोही. पण माझ्या पायांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं. मी पळालो. फटाक्यांच्या माळा लावलेला एक हातगाडीवाला ओरडला, “काय चोरलंस रे?” आणि दोन माणसं खरोखर माझ्या मागे आली. त्यांना माझी पिशवी उघडून दाखवावी लागली. आत वही आणि चिवड्याचा डबा. त्यांनी चिवडा खाल्ला आणि मला सोडलं.

मार्क ९५. नापास.

लक्ष्मीपूजन, कोन

वसुधा म्हणाली, “मी येते.” मला वाटलं ती हात धरेल. ती दहा पावलं पुढे चालत राहिली, एकदाही वळली नाही. मागाहून कळलं, डॉक्टरांनी तिला तसं सांगितलं होतं. कठड्याला हात लावत, उघड्या डोळ्यांनी, मी तिच्या हिरव्या पदराच्या मागे गेलो. मधल्या खांबावर थांबलो. ९०. ट्रक गेला. ९०. दुसरा गेला. ८५. खाली एक होडी गेली आणि त्यातल्या माणसाने वर बघून बिडी पेटवली. इतकं साधं काहीतरी या पाण्यावर चालतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी पाहतच नव्हतो. ४५ व्हायला तास लागला.

पलीकडे कोन गावात पोहोचलो तेव्हा मी घामाने निथळत होतो. टपरीवर चहा आणि गरम भजी घेतली. मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या पायांनी खाडी ओलांडली होती आणि भज्यात मीठ जास्त होतं. वसुधा रडत होती. मी विचारलं, तर म्हणाली, मिरची लागली.

पाडवा

गेलो नाही. पाडव्याला बायकोने ओवाळलं, जेवलो, झोपलो. झोपेत पूल आला. उठल्यावर मी तिला सांगितलं, उद्या जमणार नाही, कंबर धरलीये. तिने सुमनसाठी घेतलेली साडी पिशवीत घालून दाराला लटकवून ठेवली.

भाऊबीज, काशेळीचा पूल

सकाळी दाराची पिशवी उचलली आणि एकटाच निघालो. कल्याणहून भिवंडीमार्गे ठाण्याला जाणारी एसटी बाळकुमवरून जाते. बाळकुम उतरलं की कोलशेत जवळ. वाटेत दोन पूल. दुर्गाडीचा माझ्या ओळखीचा झाला होता. ६० मार्कांत निभावला. काशेळीचा मात्र मी फक्त नकाशावर पाहिला होता.

पुलाच्या बरोबर मधोमध गाडी थांबली. पुढे ट्रक बंद पडला होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. खिडकीतून दोन्हीकडे खाडीच खाडी, भरतीची. १००. वही काढायचं सुचलंच नाही.

मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो, पिशवी छातीशी घट्ट धरली. शेजारच्या बाईंनी आपली पर्स मांडीखाली सरकवली. मागच्याने कंडक्टरला खूण केली. कंडक्टर आला.

“काय भाऊ, कुठं चाललात? पिशवीत काय?”

“साडी. बहिणीकडे.”

“मग घाम का फुटलाय एवढा?”

सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. जन्मभर मी लोकांवर संशय घेतला. त्या दिवशी एका अख्ख्या एसटीने तो व्याजासकट परत केला. सबब शोधली, सापडली नाही. आणि मी ते वाक्य पहिल्यांदा परक्या माणसासमोर बोललो: “मला पुलाची भीती वाटते हो.”

कंडक्टरने तिकिटांची पेटी काखेत सरकवली. मग म्हणाला, “एवढंच ना? बसा. मला पालीची वाटते.” शेजारच्या बाईंनी पर्स बाहेर काढली आणि तीतून आवळासुपारी दिली. पुढची वीस मिनिटं त्या मला त्यांच्या जावेला विंचू कसा चावला ते सांगत होत्या. गाडी सुटली तेव्हा मी मनातल्या मनात ५० लिहिले.

कोलशेत

सुमन दारातच उभी होती. मला बघून ती आत पळाली. भांड्यांचा आवाज आला आणि मग ती ताम्हण घेऊन बाहेर आली, पाट मांडलेलाच होता. घर कौलारू, स्वच्छ, ओटीवर जाळं पसरलेलं. मागच्या अंगणात सुकट वाळत होती. माझ्यासाठी वालाची उसळ, तांदळाची भाकरी, नारळाच्या करंज्या. आमच्याकडे भाऊबीजेला श्रीखंड असतं. भाकरी भाजलेला तवा आधी कशासाठी वापरला असेल, हा विचार माझ्या मनात आला, हे लपवत नाही. सुमननेच सांगितलं, “तवा नवा आहे, दादा.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुमनच्या सासूबाई, ज्यांना सगळे आय म्हणत, कोपऱ्यात बसून माझ्यावर नजर ठेवून होत्या. मी पाणी प्यालो तेव्हा त्या तांब्याकडे बघत होत्या. घास घेतला तेव्हा घासाकडे.

“मास्तर, अकरा वर्सांनी टाइम गावला?”

मी भाकरीचा तुकडा मोडला.

“आमचे घरचा पानी पिलास. आता जात नाय ना गेली?”

बाळारामभावोजी खाली मान घालून जेवत राहिले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुमनने माझ्याकडे बघून मान हलवली. बोलू नकोस, असं. मला काही समजेना. मी हात धुण्याच्या निमित्ताने तिच्यामागे चुलीपाशी गेलो.

“सुमे, या लोकांना वाटतंय मी जातीमुळे येत नव्हतो.”

“मीच सांगितलंय तसं.”

“तू?”

तिने कढईतून नजर काढली नाही. “लग्नानंतर पहिल्या भाऊबीजेला यांनी विचारलं, भाऊ का नाही आला? मला माहीत होतं. दुर्गाडीला तू हात सोडलास ना, तेव्हापासून माहीत होतं. पण इथे पाच वर्षांचं पोर होडीतून उतरत नाही. खाडीला घाबरणाऱ्याची बहीण म्हणून सगळ्या पाड्याने हसायचं, की गर्विष्ठ माणसाची बहीण म्हणून सासूने टोमणे मारायचे? मला टोमणे परवडले. तुझ्यासाठी नाही केलं, माझ्यासाठीच केलं.”

माझा सगळ्यांवर संशय होता. डॉक्टरांवर, वसुधावर, गळवाल्यावर, सासूवर, नवऱ्यावर. हिच्यावर कधी आला नव्हता. तिला ते आठवत होतं, आणि तिने अकरा वर्षं माझ्या नावाने बोलणी खाल्ली होती. मला तिचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, कारण मी तिचा मोठा भाऊ आहे आणि आमच्या घरात असं करत नाहीत.

मी बाहेर आलो. आयसमोर पाटावर बसलो. काशेळीपेक्षा हे अवघड होतं. तिथे गाडीतले लोक पुन्हा भेटणार नव्हते. हे नातेवाईक होते.

“आय, जातीचं कारण माझ्या वडिलांचं. माझं नाही, निदान आता नाही. मला खाडीची भीती वाटते. लहानपणी हिला होडीत सोडून पळालो होतो. म्हणून अकरा वर्षं आलो नाही. हिने तुम्हाला खोटं सांगितलं, माझी लाज झाकायला.”

बाळारामभावोजींचा घास हातात राहिला. आता हसतील, म्हणून मी जमिनीकडे बघत होतो. कोणी हसलं नाही.

“मंग त्यात लाजाचा काय?” आय म्हणाल्या. “आमी नाय भीत? माजा दीर याच पान्यान गेला. ज्याला भ्या नाय त्याला आमी होरीवर घेत नाय, तो आपन मरतो आन दुसऱ्यांना मारतो. नाय भिलू असतू, तं पुनवेला नारल कशाला दिला असता?”

आणि एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा सुनेकडे.

“म्हंजे तो दुसरा नारल याचा?”

सुमन भावोजींच्या ताटात भाकरी वाढू लागली.

“मास्तर, ही लगीन होऊन आयली तवापासून नारली पुनवेला दोन नारल सोरते. एक माजे पोराचा. दुसरा कोनाचा, बोलतच नाय. घरान घो एक आन नारल दोन. अकरा वर्सा मी हिच्यावर नजर ठेवून हाय. मनान नको नको ते आयला माज्या.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “भावाचा सोरत व्हती.”

बाळारामभावोजी म्हणाले, “आय, दोन्ही नारल पल्याडची पोरा काढून खातात.”

“खाऊ दे. पोचला ना?”

मी सुमनला विचारलं, “यंदाही सोडलास?”

“सोडला की. आणि मग वाटलं, किती वर्षं नुसते नारळच सोडायचे. म्हणून कार्ड टाकलं.”

परत

दुसऱ्या दिवशी बाळारामभावोजी मला सोडायला निघाले. बाळकुम नाक्यावर एसटीची वाट बघताना मी म्हटलं, “पुलापलीकडे जाऊन चढतो. चालत.” ते म्हणाले, “चला.” वाटेत मी विचारलं की ते डोंबिवलीला स्टेशनवरूनच का परत जायचे. ते म्हणाले, “बोलावला कुठं तुमी?”

खरंच, बोलावलं नव्हतं.

पुलाच्या मधोमध मी थांबलो आणि कठडा धरून खाली पाहिलं. मार्क ७०. ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे चाललं होतं, त्यावर निर्माल्य, थर्माकोल, झावळ्या. श्रावणात सोडलेला नारळ कार्तिकात तिथे असणार नाही, हे भूगोलाच्या मास्तरला कळत होतं.

“काय बघताव?” भावोजींनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं, आणि बघत राहिलो. त्यांनी घाई केली नाही.